लाल ताऱ्याचा डबा

१

टॅमरॅक फॉल्सचं वाचनालय मी गेली बावीस वर्षं रोज सकाळी नऊला उघडते. आधी खिडक्या, मग वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवायची, मग काल परत आलेली पुस्तकं जागेवर. लोकांना वाटतं, वेंड्टबाईंना पुस्तकांतलं फार कळतं. पुस्तकांतलं मला बेताचंच कळतं. मला अक्षर कळतं. आमच्याकडे पुस्तक नेताना मागच्या खिशातल्या कार्डावर ज्यानं त्यानं आपल्या हातानं नाव लिहायचं असतं, त्यामुळे गावातल्या सातशे माणसांचं अक्षर मी त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा लवकर ओळखते. ऑर्व्हिल न्हाव्याच्या ओळी वर चढत जातात. लॅव्हिना डुफेक पेन्सिल इतकी दाबते, की कार्डाच्या मागून बोट फिरवलं तरी नाव हाताला लागतं.

ही हकिकत मी रागानं लिहिते आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. भीतीही वाटते, पण राग आधी येतो.

वाचनालयाच्या तळघरात बॉयलर आहे आणि तो बघायचा टोइवो निएमी. शेजारच्या शाळेचा बॉयलरही तोच बघायचा. फिनलंडहून नवव्या वर्षी आलेला, हाडापेरानं मोठा, बोलायला कंजूष. रोज दुपारी तीनला तो हात धुऊन वर यायचा आणि आम्ही मागच्या खोलीत कॉफी प्यायचो. मी बिनलग्नाची, तो विधुर, तेव्हा गावानं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं होतं. आम्ही चौदा वर्षं कॉफी पीत राहिलो, शेवटी गावच कंटाळलं.

त्याच्याकडे कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. पूर्वी फिन लोकांचं सहकारी दुकान होतं, तिथला. डब्यावर लाल तारा, आणि ताऱ्यात कोयता-हातोडा. वीस वर्षांपूर्वी निम्मं गाव त्या डब्यातली कॉफी पीत होतं, कारण ती चार सेंटांनी स्वस्त होती. तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. टोइवो त्यात खिळे ठेवायचा.

इतक्या वर्षांत त्यानं मला स्वतःची एकच गोष्ट सांगितली. १९३१च्या हिवाळ्यात गिरणी बंद होती, लोक उपाशी होते, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या लोकांनी सुपाचं मोफत स्वयंपाकघर काढलं. तिथं भांडी घासायला सभासदाचं कार्ड लागायचं. त्यानं ते घेतलं आणि वसंत ऋतूत बंबात घातलं. "चार महिने," तो म्हणाला. "बटाटे सोलले मी. क्रांती नाही केली." मीही त्याला माझी एक गोष्ट सांगितली. १९१८ साली, जर्मनीशी युद्ध चालू असताना, आमच्या दारावर रात्रीतून पिवळा रंग फासला होता, कारण आम्ही जर्मन. बाबांची गिरणीतली नोकरी गेली. बाबांचं नाव कुणी कळवलं, हे मला माहीत होतं, आणि ते मी आयुष्यात फक्त टोइवोला सांगितलं.

२

लॅव्हिनाच्या नवऱ्याचं, एल्मर डुफेकचं, हार्डवेअरचं दुकान आहे आणि माजी सैनिकांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. त्याच्या डोक्यात आलं, की एक दिवस आपलं गाव कम्युनिस्टांच्या ताब्यात गेलंय असं नाटक करायचं. म्हणजे मग लोकांना कळेल काय वाढून ठेवलंय. दिवसही तसाच निवडला, एक मे. वर्तमानपत्रवाले येणार, फोटो निघणार. गावाला उधाण आलं.

आणि झालंही तसंच. पुलावर तारेचं कुंपण उभं राहिलं. महापौरांना झोपायच्या सदऱ्यात बाहेर ओढलं, बिचारे हसत होते पण थंडीनं कुडकुडत होते. पाद्री आणि बँकेचे मॅनेजर कुंपणाआड. खानावळीत काळा पाव आणि कोबीचं सूप, साखर बंद. प्रत्येकाच्या दंडाला लाल पट्टी. वाचनालयात काय करायचं, याचाही विचार एल्मरनं करून ठेवला होता.

"इथं तक्रार-कचेरी," तो म्हणाला. "प्रत्येकानं यायचं, एका शेजाऱ्याचं नाव लिहायचं, पेटीत टाकायचं. तिकडे रशियात असंच चालतं. गस्टी, तुझ्याकडे कार्डं असतील ना रद्दीतली?"

"सूचीची आहेत, खाली भोक पडलेली," मी म्हणाले.

"चालतील. आणि टोइवो, तुझा तो खिळ्यांचा डबा दे बघू. तू इथं कमिसार, म्हणजे त्यांचा अधिकारी. टोपी आहे ना तुझ्याकडे केसाळ? तू तसाही अर्धा रशियनच."

टोइवोचा पुतण्या १९४०च्या जानेवारीत रशियनांशी लढताना मेला होता. बर्फात. प्रेतही मिळालं नाही. टोइवो एल्मरला म्हणाला, "डबा देतो. झाकणाला फट पाडावी लागेल." आणि खाली जाऊन छिन्नी घेऊन आला.

दिवसभर रांग लागली होती. रांग दारातून आत, मोठ्या काचेच्या कपाटासमोरून वळसा घेऊन टेबलापर्यंत. लोक खिदळत होते, एकमेकांच्या कानात बोलत होते. नाव कुणाचं लिहायचं? सासूचं लिहिलं तर घरी भांडण, मालकाचं लिहिलं तर पंचाईत. ज्याला राग येत नाही, ज्याच्या मागे कुणी नाही आणि जो समोरच केसाळ टोपी घालून बसलाय, त्याचं लिहिणं सगळ्यांत सोपं. मला टेबलामागून दिसत होतं. चारातल्या तिघांनी तरी टोइवोचंच लिहिलं.

संध्याकाळी एल्मर म्हणाला, "गस्टी, तू राहिलीस की."

मी टोइवोकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू माझं लिही, मी तुझं लिहितो. म्हणजे फिटंफाट."

मी रांगेत शेवटची उभी राहिले आणि लिहिलं. हसत लिहिलं. नंतर चौकात होळी पेटली, लाल झेंडा जाळला, आणि डबा मी माझ्या हातानं आगीवर पालथा केला. तीनशे बारा कार्डं. तळाला काही चिकटलंय का म्हणून मी डबा ठोकूनही पाहिला. मग सगळ्यांना ॲपल-पाय मिळाला, राष्ट्रगीत झालं, आणि लोक आपापल्या घरी गेले. खेळ संपला असं मला वाटलं.

३

सोमवारी सकाळी डबा वाचनाच्या टेबलावर होता.

मी तो तळघरात टोइवोच्या फळीवर ठेवला होता. टोइवोनं आणून ठेवला असेल म्हणून उचलला, तर आत काहीतरी सरकलं. झाकण काढलं. सूचीचं एक कार्ड, खाली भोक. त्यावर टोइवो निएमी, एवढंच. मी मागून बोट फिरवलं. नाव हाताला लागलं. लॅव्हिना डुफेक.

राहिलं असेल एखादं, असं म्हणून मी ते फाडून टाकलं. मंगळवारी पुन्हा एक. ऑर्व्हिलच्या चढत जाणाऱ्या ओळी. नुसत्या नावाला ओळी कशा असतील? नावाखाली दुसरी ओळ होती. 'दाढी करताना कोरियाच्या युद्धाविषयी बोलत नाही.'

बुधवारी पोस्टमास्तरांचं अक्षर. 'परदेशातून पत्रं येतात.' पत्रं येतात, खरं आहे. त्याच्या बहिणीची, नाताळला एक. गुरुवारी शाळेच्या मुख्याध्यापिकांचं. 'झेंड्याला वंदन करताना टोपी काढतो पण ओठ हलत नाहीत.' टोइवोचे ओठ कॉफी पितानाही जेमतेमच हलतात, हे त्यांना कुणी सांगावं.

मी डबा खाली नेऊन ठेवायची आणि सकाळी तो वर असायचा. टोइवोला विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं तूच नेतेस. आवडला असेल तुला." कार्डांचं मी त्याला सांगितलं नाही. रोज सकाळी नऊच्या आधी खाली जायची, बॉयलरचं दार उघडायची आणि कार्ड आत टाकायची. आमच्याकडे मेअखेरपर्यंत सकाळी बॉयलर लागतो. कार्ड जळून काळं होईपर्यंत मी तिथंच उभी राहत असे.

४

दुसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला आणि मी लॅव्हिनाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिचं दुसरं कार्ड आलं होतं. नावाखाली लिहिलं होतं, 'आमच्या दुकानातून त्यानं तांब्याची तार नेली, कशाला ते सांगितलं नाही.' हे मात्र मी जाळलं नव्हतं. तिच्यापुढे ठेवलं.

"हे तुझं अक्षर आहे, लॅव्हिना."

तिनं पीठ लागलेले हात पुसले. "नाव माझंच आहे. त्या दिवशी लिहिलं होतं मी. सगळ्यांनीच लिहिलं, तूही लिहिलंस."

"आणि खालचं?"

"खालचं नाही बाई माझं." तिनं कार्ड खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं. "अक्षर माझ्यासारखं आहे खरं. पण मी नाही लिहिलं. मुलांची शपथ."

"तार नेली होती त्यानं?"

"नेली होती की. पण ती शाळेच्या घंटेसाठी. एल्मरला माहीतेय." मग ती म्हणाली, "म्हणजे, घंटेसाठीच असणार ना?"

मी कार्ड तिच्या हातातून परत घेतलं. कार्ड वाचायच्या आधी तिला शंका नव्हती. वाचल्यावर आली, आणि तीही स्वतःच्याच अक्षरातून.

ऑर्व्हिलनं कानावर हात ठेवले. पोस्टमास्तरांनी मला सरकारी टपालाचे नियम ऐकवले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी असलं काही लिहीन का, ऑगस्टा? पण ओठ हलत नाहीत हे खरं आहे, नाही का?" एल्मर तर खो-खो हसला. "कुणीतरी तुझी फिरकी घेतंय, गस्टी. एवढ्या सगळ्यांची अक्षरं काढतो म्हणजे पठ्ठ्या कलाकार आहे."

"थांबव हे, एल्मर. तू सुरू केलंस."

"मी काय सुरू केलं? मी तर लोकांना दाखवलं, की असं झालं तर किती वाईट होईल." हे तो अगदी मनापासून बोलला. मला त्याच्या दुकानातला एखादा हातोडा उचलावासा वाटला. साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं, आणि धोपटता धोपटता साप कुठून आला हे विचारायचं नाही.

५

मी विचार करणारी बाई आहे. भुताखेतांची पुस्तकं मी लोकांना देते, स्वतः वाचत नाही. म्हणून मी ठरवलं, डब्यावर लक्ष ठेवायचं. एक दिवस सकाळी तो रिकामा करून, आत हात फिरवून, वाचनाच्या टेबलाच्या मधोमध ठेवला आणि समोर माझ्या जागेवर बसले. मधलं अंतर बारा पावलं.

दुपारी दोन वाजता टेबलाशी तिघे जण वर्तमानपत्रं वाचत होते. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. नळ्यांतून वाफ वाजली, ती नेहमीच वाजते. मग तो आवाज आला. पुठ्ठ्याची कड पत्र्याच्या फटीला घासते तसा, आणि मागून हलकंसं टक्. त्या दिवशी मी तो तीनशे बारा वेळा ऐकला होता, त्यामुळे चूक होणं शक्य नव्हतं.

तिघांपैकी एकाचेही हात पेपरवरून हलले नव्हते. कुणी मान वर केली नाही. पण तिघांनीही वाचायचं थांबवलं होतं. डोळे एका जागी थांबले होते. त्यांनाही ऐकू आलं होतं आणि ऐकू आलं नाही असं ते दाखवत होते. मग एकानं पान उलटलं, दुसऱ्यानं उलटलं.

मी उठून डबा उघडला. कार्ड होतं.

पत्रा तापून वाजला असेल. आदल्या दिवशीचं कार्ड झाकणाला आतून चिकटलं असेल. मी आत हात फिरवला असं मला नुसतं वाटलं असेल. मी अशी कारणं काढत गेले आणि सगळी पटण्याजोगी होती. तेवढ्यात तीन वाजले आणि टोइवो हात पुसत वर आला. त्याच्या हातात सरकारी लिफाफा होता.

"मिलवॉकीहून आलंय," तो म्हणाला. "मी कधी नागरिकत्वाचे कागद पुरे केले नाहीत ना. बायको आजारी होती तेव्हा, मग राहूनच गेलं. आता चौकशी करणार म्हणे. पाच जूनला, इथंच, या खोलीत."

"कसली चौकशी?"

"माझ्याविषयी तक्रारी आल्यात." तो खुर्चीत बसला. "तीनशे."

६

मी ठरवलं, साक्ष द्यायची. तेरा वर्षांची असताना पिवळं दार पाहून मी गप्प बसले होते. या वेळी नाही. त्यांनी विचारलं असतं, हा कधी पक्षात होता का, तर मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलणार होते. ते माहीत असलेली मी एकटीच होते. त्याला या देशातून काढायला तेवढी एकच खरी गोष्ट पुरेशी होती, बाकीच्या तांब्याच्या तारा आणि न हलणारे ओठ म्हणजे निव्वळ कचरा.

चार जूनला दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. ऊन होतं. मी दुसऱ्या दिवसासाठी खुर्च्या मांडत होते. डबा टेबलावर होता, सकाळीच रिकामा केलेला. माझी पाठ टेबलाकडे होती आणि समोर काचेचं मोठं कपाट. १९१८च्या आधी त्यात जर्मन पुस्तकं होती. ती चौकात जाळली, तेव्हापासून त्यात विश्वकोश आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही.

फटीतून कार्ड घासल्याचा आवाज झाला. मी मागे वळले नाही. काचेत पाहिलं.

काचेत रांग होती. दारातून आत, कपाटासमोरून वळसा घेऊन टेबलापर्यंत, जशी त्या दिवशी होती तशीच. दंडांना लाल पट्ट्या. लॅव्हिना, ऑर्व्हिल, पोस्टमास्तर, झोपायच्या सदऱ्यात महापौर. हसत होते, एकमेकांच्या कानाशी लागत होते, आवाज मात्र कसलाच नव्हता. कुणी लिहून पुढे सरकलं की पुन्हा रांगेच्या मागे जाऊन उभं राहत होतं. कुणाला घाई नव्हती. एक मे त्यांच्यापुरता अजून संपला नव्हता.

टेबलाशी आता जी लिहीत होती, तिची पाठ मला दिसत होती. तपकिरी स्वेटर, कोपराला मी स्वतः घातलेलं ठिगळ. ती वाकून लिहीत होती आणि थांबत नव्हती. एका नावाला इतका वेळ लागत नाही.

मी वळले. खोली रिकामी होती. खुर्च्या, ऊन, डबा.

आतलं कार्ड माझ्या अक्षरात होतं. पहिली ओळ मी लिहिली होती, हसत, सगळ्यांसमोर. तिच्या खाली, त्याच पेन्सिलनं, दुसरी होती. '१९३१च्या हिवाळ्यात याच्याकडे पक्षाचं कार्ड होतं.'

टोइवो तेव्हा शाळेत होता. मी खाली गेले आणि कार्ड बॉयलरमध्ये टाकलं. त्या दिवशी बॉयलर पेटवला नव्हता, म्हणून काडी मी लावली. राखही काठीनं विस्कटली.

७

मिलवॉकीचे दोघे आले होते. एकजण लिहीत होता. दुसऱ्यानं राखाडी हॅट माझ्या टेबलावर ठेवली. सभ्य माणूस होता, आवाजही वरचा नव्हता. टोइवो कोटाची सगळी बटणं लावून समोर बसला होता. मागे गाव. एल्मर पहिल्या रांगेत, आणि पहिल्यांदाच त्याला हसू येत नव्हतं.

मी शपथ घेतली. टोइवो कसा आहे ते सांगितलं. पुतण्याचं सांगितलं, शाळेच्या घंटेचं सांगितलं. मग म्हणाले, "ही कार्डं म्हणजे पोरखेळ आहे. गावानं नाटक केलं, त्यात लोकांनी थट्टेनं नावं लिहिली. ती कार्डं मी स्वतः जाळली."

"कुठली, बाई? ही?" त्यानं बरोबर आणलेलं खोकं उघडलं. आत कार्डं उभी लावली होती, भोकातून दांडा घातलेली, अगदी मी सूची लावते तशी. त्यानं एक बाहेर काढलं. "हे अक्षर आपलं आहे का?"

मी पाहिलं. कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. धुराचा वाससुद्धा नव्हता.

"पहिली ओळ माझी आहे."

"आणि दुसरी?"

मी मागे वळून पाहिलं. लॅव्हिना, ऑर्व्हिल, पोस्टमास्तर. माझ्या तोंडून काय येणार, ते त्यांना माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांच्या दारांत जाऊन तेच ऐकलं होतं आणि त्यांना खोटारडे ठरवलं होतं.

"दुसरी मी लिहिली नाही," मी म्हणाले.

"बरोबर आहे," तो माणूस अगदी समजुतीनं म्हणाला. "या खोक्यातलं कुणीच लिहिलेलं नाही. आम्ही गावोगाव जातो, बाई. कुठंच कुणी लिहिलेलं नसतं." मग त्यानं चष्मा लावून दुसरी ओळ मोठ्यानं वाचली.

टोइवोनं माझ्याकडे पाहिलं. ते जगात फक्त मला माहीत होतं आणि हे त्यालाही माहीत होतं. त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "हो. चार महिने." त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि आता गरजही उरली नव्हती.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा, म्हणजे होतंच काहीतरी." कुणाचा आवाज होता, ते मला कळलं. इथं लिहीत नाही, कारण तो माणूसही म्हणेल, मी बोललो नाही.

८

ऑक्टोबरात त्याला न्यायला आले. आदल्या दिवशी तीनला तो वर आला. मी कॉफी ओतली. मी त्याला सांगितलं की ती ओळ माझी नाही. काच, रांग, स्वेटर, सगळं सांगितलं. तो ऐकत होता.

"तू वेडी नाहीस, गस्टी," तो म्हणाला. विश्वास ठेवला की नाही, ते म्हणाला नाही. कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "त्या दिवशी मी तुझं नाव लिहिलं होतं. ते जळलं ना?"

"जळलं," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत."

"मग बरं झालं." त्यानं तळघराची किल्ली टेबलावर ठेवली. "कॉफी चांगली करायचीस."

अडतीस वर्षांपूर्वी तो ज्या देशातून आला, तिथं त्याला ओळखणारं आता कुणी उरलं नव्हतं. बहीण उन्हाळ्यातच गेली होती. स्टेशनवर मी एकटीच होते. गावाला त्या दिवशी कामं होती.

९

त्यानंतर चौथ्या सोमवारी डबा टेबलावर होता. मी तो नदीत टाकला होता, हे सांगायला हवं. पुलाच्या मधोमध उभी राहून, बुडताना पाहिला होता. आत कार्ड होतं. टोइवोचं अक्षर मी कुठंही ओळखेन. फिन लोक लिहितात तसं सुटं, उभं, प्रत्येक अक्षर वेगळं. ऑगस्टा वेंड्ट. खाली काही नव्हतं.

एल्मर संध्याकाळी आला. तो वाळला होता. त्यानं टेबलाकडे पाहिलं नाही. "गस्टी," तो म्हणाला, "माझं काही आलंय का गं त्यात?"

"अजून नाही."

"आलं तर जाळशील?"

"मी तीनशे जाळली, एल्मर. काय उपयोग झाला?" मग मात्र माझा आवाज चढला. "तुम्ही सगळ्यांनी लिहिलं. मी लिहिलं. थट्टा होती, नाटक होतं, सगळं खरं. पण त्या खोलीत एकजण उठून म्हणाला असता, की हो, हे नाव मी लिहिलं आणि मला लाज वाटते, तर? एकजण तरी? तुम्ही म्हणालात, मी नाही. मीही तेच म्हणाले."

तो हॅट डोक्यावर चढवून निघून गेला.

ते कार्ड मी जाळलं नाही. दारासमोरच्या फलकावर टाचणीनं लावलं. त्याच्या खाली एक मोठा कोरा कागद लावला आणि वर लिहिलं, 'एक मे रोजी टोइवो निएमीचं नाव मी लिहिलं.' खाली पहिली सही माझी केली. दोऱ्याला पेन्सिल बांधून ठेवली.

काल सकाळी कार्डावर दुसरी ओळ आली. टोइवोच्या अक्षरात, सुटी, उभी. तो समुद्रापलीकडे आहे, आणि त्यानं ती लिहिली नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. 'हिनं तेरा वर्षांची असताना शाळेतल्या कागदावर लिहून दिलं, की आमच्या घरी जेवताना जर्मन बोलतात.'

बाईंनी वर्गात कागद वाटले होते. लिहून देणाऱ्याला छोटा झेंडा मिळणार होता. मला तो मिळाला. बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले, की कुणी सांगितलं असेल कोण जाणे, सांगतं कुणी नाहीच, आपोआप पसरतं. मी त्यांच्या उशाशी बसून मान हलवत राहिले.

ती ओळ खरी आहे. पेन्सिल घेऊन मी तिच्याखाली तसं लिहिलं, तारीख घातली आणि कार्ड फलकावर तसंच राहू दिलं. दिवसभरात एकेचाळीस माणसं आली. सगळ्यांनी वाचलं, पुस्तकं घेतली, आणि पुस्तकांच्या कार्डावर आपापल्या हातानं नावं लिहिली. खालच्या कागदावर अजून माझी एकटीचीच सही आहे.